खिशातल्या अक्षता

आजवर कुणाला सांगितलेलं नाही ते आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा हवापाण्यावर बोलत बसेन आणि मूळ गोष्ट राहूनच जाईल. परक्या देशातल्या एका शहरात, भर दुपारी, झाडाखाली उभा असताना एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही निहारचे वडील ना?" मी म्हणालो, "नाही. मी टूरिस्ट."

निहार माझा मुलगा. एकुलता एक. त्या क्षणी तो रस्त्याच्या पलीकडे उभा होता आणि टाचा उंचावून मलाच शोधत होता.

हे आत्ता लिहायला बसलो त्याला निमित्त बसंतराणीच्या झाडांचं. मुलुंडहून घाटकोपरला ऑफिसात जाताना मी हायवेने जाणारी बस पकडतो. फेब्रुवारी संपत आला की विक्रोळीच्या पुढेमागे ही झाडं एकदम अंगावर येतात. पान एक नाही, नुसती गुलाबी फुलं. खाली धूळ, डंपर, मेट्रोचे पत्रे, आणि वर हे असं. लोक गाड्या बाजूला घेऊन फोटो काढतात. बसमध्ये बारावीची पोरं मांडीवर गाइड उघडून ओठ हलवत असतात आणि झाडं आली की तीसुद्धा क्षणभर मान वर करतात. आमच्या बिल्डिंगमध्ये या दिवसांत टीव्हीचे आवाज खाली येतात, जिन्यात मुलांच्या आया एकमेकींना हळू आवाजात विचारतात, "पेपर कसा गेला गं?" सगळीकडे एक धाक असतो. मला तो धाक आवडायचा. निहार दहावीला पहिल्या पाचांत आला तेव्हा तर फारच.

आता मी त्या पट्ट्यात खिडकीबाहेर बघत नाही. मोबाइल काढतो. तशीच झाडं मी तिकडे पाहिली आहेत, तशाच निष्पर्ण फांद्या, तसाच गुलाबी रंग, जरा जास्त गडद. तिकडे त्याला लापाचो म्हणतात. दोन्ही एकच की नात्यातली, मला ठाऊक नाही. मी ज्या झाडामागे उभा होतो ते लापाचोचं होतं, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे. त्याची साल माझ्या खांद्याला लागत होती.

शहराचं नाव कोर्दोबा. अर्जेंटिनातलं. मध्यभागी शेकडो वर्षं जुनं विद्यापीठ, पश्चिमेला डोंगरांची निळसर रांग, आणि शहरातून दगडी भिंतींमध्ये बांधून काढलेला एक ओढा वाहतो, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली. निहार मला विमानतळावरून घेऊन येताना म्हणाला होता, "बाबा, या शहराला लोक काय म्हणतात माहितीये? विदुषी. शिकलेली बाई." मी लगेच ते वाक्य मनात टिपून ठेवलं, मुलुंडला परत गेल्यावर साठ्यांना सांगायला.

साठे आमच्या मजल्यावर समोरच राहतात. निहारबद्दल मी जगाला काय सांगायचो, ते आधी साठ्यांना सांगायचो. कारण साठ्यांना सांगितलं की ते संध्याकाळपर्यंत खाली गेटवर पोचलेलं असायचं.

मी सांगायचो, "मेडिकलला आहे. साउथ अमेरिकेत."

हे खोटं नव्हतं. हे असं बोलायची कला आपल्याकडे नोकरदार माणसाला आपोआप येते. वाक्य आपण अर्धं सोडायचं आणि उरलेलं ऐकणाऱ्याने पूर्ण करायचं. साठ्यांनी ते पूर्ण केलं. "म्हणजे डॉक्टर होऊन येणार तर. बरं केलंत परुळेकर, इथे डोनेशन देऊन वाट लागली असती." मी हसलो. नाही म्हणालो नाही. पुढे मला बोलायचीही गरज उरली नाही. "काय, डॉक्टर काय म्हणतायत?" असं लिफ्टमध्ये कुणी विचारलं की "मजेत" म्हणायचं.

निहार तिकडे नर्सिंग शिकत होता.

त्याची गोष्ट सरळ आहे, वाकडी मी केली. अंधेरीला इंजिनिअरिंगला घातलं, दुसऱ्या वर्षाला विषय राहिले, वर्ष गेलं. ते वर्ष तो घरात होता आणि त्याच वर्षी माझे वडील अंथरुणाला खिळले. आमच्या दोन खोल्यांत आतल्या खोलीत अण्णांची खाट. बाई ठेवली होती, ती महिन्यातच सोडून गेली. दुसरी शोधेपर्यंत निहार करू लागला आणि मग दुसरी शोधायची आम्ही विसरूनच गेलो. तो अण्णांना कुशीवर वळवायचा, पाठ पुसायचा, पावडर लावायचा, बेडपॅन द्यायचा आणि उचलायचा. त्यांच्याशी मालवणीत गप्पा मारत मारत. "अण्णानू, जरा कूस बदला बघू. आता कसा वाटता?" अण्णांच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले होते, हे फार कमी घरांत बघायला मिळतं.

मी तेव्हा दाराबाहेर उभा असायचो. आत जायचो ते सगळं आवरल्यावर, उदबत्ती लावल्यावर. "काय अण्णा, बरं आहे ना?" असं विचारून बाहेर. माझे वडील होते ते.

अण्णा गेल्यावर निहारने पार्ल्याला लावलेला स्पॅनिशचा क्लास पुरा केला, मरोळला एका कॉल सेंटरमध्ये परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी धरली आणि एक दिवस जेवताना म्हणाला, मला नर्सिंग करायचंय, अर्जेंटिनात सरकारी विद्यापीठात फी नसते, तिकिटाचे पैसे जमलेत. मी ताटावरून उठलो नाही, ओरडलोही नाही. आमच्या घरात कुणी ओरडत नाही. मी एवढंच म्हणालो, "ब्रदर होणार? आयुष्यभर लोकांच्या घाणीत हात घालणार?"

त्याने आमटी वाढून घेतली. मग शांतपणे म्हणाला, "अण्णांची घाण होती ना बाबा ती. लोकांची कुठे."

मी ताटातला उरलेला भात संपवला.

तो गेला. वर्षं गेली. शेवटच्या परीक्षेची तारीख कळली ती नेमकी गणपतीतली. वैशाली, माझी बायको, हिरमुसली, कारण घरचा गणपती सोडून तिला निघता येईना, तिच्या आईचंही दुखणं होतं. ती म्हणाली, "तुम्ही जा. गणपती दादा येऊन बसवतील. पण मुलाजवळ आपलं कुणीतरी पाहिजे." दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, दिंडोशीला राहतो. त्याने फोनवर आनंदाने होकार दिला, "अरे जा रे तू. झील डॉक्टर होता, बापाशीन जाऊक नको?" झील म्हणजे मुलगा.

वैशालीने बॅग भरली. बेसनाचे लाडू, करंडा, छोटं निरांजन. आणि कुंकवात भिजवून वाळवलेल्या अक्षता, कागदाच्या पुडीत. "निरांजन तिकडे पेटवू देतील न देतील. पण बाहेर आला की आधी त्याला कुंकू लावा आणि डोक्यावर अक्षता टाका. माझ्या वतीने. विसरू नका हां." पुडी तिने स्वतःच माझ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. कोट पुतण्याच्या लग्नात शिवलेला. मी डोळ्यांसमोर काय आणलं होतं सांगू? दगडी सभागृह, काळा झगा, चौकोनी टोपी, आणि तो फोटो आमच्या हॉलमध्ये शोकेसच्या वर.

पहिल्याच दिवशी निहारने मला जुनं विद्यापीठ दाखवलं. आत शिरलो आणि रस्त्याचा आवाज बंद झाला. मोठं चौकोनी अंगण, चारी बाजूंनी कमानींच्या ओवऱ्या, पायांनी झिजून मधोमध खोलगट झालेल्या पायऱ्या. पायऱ्यांवर पोरंपोरी बसलेली, एकाच भोपळ्यासारख्या भांड्यातून, एकाच नळीने, पाळीपाळीने कसलासा हिरवा काढा पीत. बोलताना शब्द मधेच ताणून हेल काढायची त्यांची तऱ्हा. माझ्या मालवणी कानाला ते एकदम ओळखीचं वाटलं. हवेत कोरडी थंडी, उन्हात बरं वाटणारी. मी त्या कमानीखाली निहारला उभं केलं, स्वतः शेजारी उभा राहिलो, एका मुलीकडून फोटो काढून घेतला.

"इथेच ना समारंभ?" मी विचारलं.

"इथे नाही रे बाबा. आमची इमारत लांब आहे, मोठ्या बागेच्या पलीकडे. आणि समारंभ लगेच नसतो. तोंडी परीक्षा झाली, पास म्हणाले, बाहेर आलो की झालं." मग गालात हसून, "बाहेर आल्यावर थोडी गंमत असते. तू ये फक्त. आणि हा कोट घालू नको."

"कसली गंमत?"

"ये आणि बघ ना."

मी कोट घालून गेलो.

बागेपलीकडे रुंद रस्ता, त्याच्या एका अंगाला साधी, सिमेंटची, आपल्या कुठल्याही सरकारी कॉलेजसारखी इमारत. समोरच्या फुटपाथवर लापाचोची रांग, ऐन बहरात. खाली पाकळ्यांचा सडा आणि त्यावर पायांचे ठसे. मी वेळेआधी पोचलो होतो. पलीकडे दुसऱ्या कुणाचा तरी निकाल लागलेला होता, म्हणून काय असतं ते मला आधीच दिसलं. एक मुलगी दारातून बाहेर आली आणि तिच्या आईने, बऱ्यापैकी वयस्कर बाई, तिच्या डोक्यावर अंडं फोडलं. बापाने पीठ ओतलं. भावाने कात्रीने तिचा शर्ट फाडला. मोहरीची पेस्ट, रंग, चमकी, काय वाट्टेल ते. मुलगी रडत होती, हसत होती. आणि बाप त्याच पिठाच्या हातांनी डोळे पुसत होता.

हे इथलं पदवीदान. अगदी जवळची माणसं अशी रस्त्यात उभी राहतात आणि शिकून बाहेर पडलेल्याला अशी माखतात. पुढे निहारने सांगितलं, त्यांच्या गटाने ठरवलं होतं की पहिलं अंडं घरच्यांचं. घरच्यांनी मारल्याशिवाय बाकीच्यांनी हात उचलायचा नाही.

मग निहार आला. त्याच्या मित्रांनी दारातच गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली. पाटीवर कुणीतरी मोठ्या हौसेने चित्र काढलं होतं. एक इंजेक्शन आणि त्याच्याखाली बेडपॅन. भला मोठा, निळ्या रंगात, झळाळी वगैरे दाखवून. त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत माझं आडनाव.

मी रस्ता ओलांडायला एक पाय खाली ठेवला होता. तो उचलून परत फुटपाथवर घेतला. मग आणखी एक पाऊल मागे, झाडाच्या आडोशाला.

मला त्या देशात एक माणूस ओळखत नव्हता. साठे नव्हते, दादा नव्हता, ऑफिसातलं कुणी नव्हतं. लाज वाटून घ्यायला तिथे प्रेक्षकच नव्हता. तरी वाटली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आजवर मी समजत होतो की माझी लाज म्हणजे लोकांची भीती. ती तशी नव्हती. लोक नसले तरी ती माझ्यासोबत विमानात बसून आली होती.

तेवढ्यात त्या बाई आल्या. साठीच्या, केस आखूड, हातात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी. त्या एलेना. निहार त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. त्या डोंगरात बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे आमची भेट झाली नव्हती. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. आमचं नाक सारखं आहे, निहारचं आणि माझं. शिवाय त्या रस्त्यावर कोट घातलेला काळासावळा माणूस दुसरा कोण असणार? त्यांनी विचारलं. त्या भाषेत "पापा" आणि "निहार" हे दोन शब्द कळायला काही शिकावं लागत नाही.

मी म्हणालो, "नो. तूरिस्ता."

हा शब्द मला निहारनेच शिकवला होता. कुणी हटकलं तर सांग म्हणून.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. नाकाकडे, कोटाकडे, परत डोळ्यांकडे. रागाने नाही. एखादं बंद दुकान बघून माणूस पाटीवरची वेळ पुन्हा वाचतो, तसं. मग मान हलवली आणि रस्ता ओलांडून गेल्या.

पलीकडे सगळे खोळंबले होते. मित्रांच्या हातात अंडी, पिठाच्या पिशव्या उघडलेल्या, आणि मध्ये निहार, पांढऱ्या शर्टात, स्वच्छ. तो घड्याळ बघायचा, रस्त्याच्या टोकाकडे बघायचा, मित्रांना काहीतरी सांगून हसायचा. आधी सगळे हसत होते. मग हसणं विरळ झालं. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या कोटाच्या खिशात फोन थरथरला. मुलुंडला तेव्हा रात्रीच्या आरतीची वेळ, दादाचा व्हिडिओ कॉल असणार. फोन अक्षतांच्या पुडीला लागून होता, त्यामुळे कागदाचा कुरकुर आवाज येत होता. मी कोटावरून हात दाबून धरला.

मला वाटलं, एलेना आता बोट दाखवतील. झाडाकडे. मी वाट बघत होतो म्हटलं तरी चालेल. त्यांनी नाही दाखवलं. त्यांनी निहारला काहीतरी विचारलं, त्याने एकदा रस्त्याकडे बघितलं आणि होकारार्थी मान डोलावली. मग त्यांनी कागद सोडला, अंडं हातात घेतलं आणि फेकलं नाही. त्याच्या टाळूवर हलकेच टेकवून फोडलं आणि तळहाताने चोळलं. नरकचतुर्दशीला पहाटे आई टाळूवर तेल घालते, तसं. त्यानंतर सगळ्यांनी धुमाकूळ घातला. पांढरं पीठ उडालं, त्यात तो दिसेनासा झाला.

मी निघालो. बागेतून चालत राहिलो, एक तळं लागलं, त्याला वळसा घातला, बुटांनी टाचा सोलल्या. घरी गणपती बसलेत, अंड्याला हात कसा लावायचा, हे कारण मला बागेतच सुचलं. किती सोयीचं कारण. एरवी मी घाटकोपरला ऑफिसच्या खालच्या गाडीवर आठवड्यातून दोनदा ऑम्लेट-पाव खातो.

संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेलो. अंघोळ झाली होती, तरी कानाच्या मागे पीठ चिकटलेलं.

"बाबा, कुठे होतास तू?"

"रस्ता चुकलो रे."

"फोन करायचा ना."

"लागत नव्हता."

त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. लेसमध्ये एक गुलाबी पाकळी अडकलेली होती. ती मला खूप नंतर, हॉटेलवर गेल्यावर दिसली, त्याला तेव्हा दिसली की नाही, मला सांगता येणार नाही. तो एवढंच म्हणाला, "बरं."

मग फ्रीजमधून एक अंडं काढून आणलं. "तुझ्या वाटचं ठेवलंय. चल, गच्चीत जाऊ, मार आता." चेहरा अगदी लहानपणीचा.

मी म्हणालो, "घरी गणपती बसलेत रे."

"अरे हो," तो म्हणाला. "सॉरी बाबा. मी विसरलोच."

सॉरी तो म्हणाला.

थोड्या वेळाने एलेना खोलीवर आल्या. निहारने ओळख करून दिली. तिकडच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी गालाला गाल लावला आणि पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं "भेटून आनंद झाला" म्हणाल्या. मग तो हिरवा काढा केला, माते म्हणतात त्याला. भांडं फिरत फिरत माझ्याकडे आलं. त्याच नळीतून सगळे पीत होते, त्यांनी मला वगळलं नाही. कडू होता. मी पिऊन भांडं परत दिलं आणि "ग्रासियास" म्हणालो, आभार. त्यानंतर भांडं दोनदा, तीनदा फिरलं, पण मला ओलांडून. मी समजलो. शिक्षा आहे, म्हटलं, आणि रास्त आहे.

दुसऱ्या दिवशी निहार मला बसने डोंगरात घेऊन गेला. पिवळं वाळलेलं गवत, मधूनच काळे कातळ, गोल गोट्यांवरून वाहणारी थंडगार नदी. आमच्या गावच्या व्हाळासारखी, फक्त नारळ नाहीत. पँटी वर दुमडून आम्ही पाय पाण्यात सोडून बसलो. मी मातेचं विचारलं तर तो हसला. "तू आभार मानलेस ना? आभार मानले म्हणजे आता पुरे, मला नको. म्हणून त्यांनी नाही दिला. तसा रिवाज आहे." मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शिक्षा झाली असती तर बरं, असं वाटलं.

"बाबा, मी इथे आलो ना, ते अण्णांमुळे," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "त्या वर्षी सगळे मला नापास पोरगा म्हणून बघत होते. अण्णा फक्त म्हणायचे, हात थंड आसत तुझे, चोळ जरा. एवढंच. मला बरं वाटायचं."

मी म्हणालो, "निहार, काल..."

"सोड ना बाबा. आलास ना तू एवढ्या लांब."

मी सोडलं. सोडायला मला काय, कुणी परवानगी दिली की पुरे असतं.

परत आलो. दादाने विचारलं, "काय रे, डॉक्टर झालो मां झील?" मीही मालवणीतच म्हटलं, "झालो." वैशालीने विचारलं, "अक्षता टाकल्यात ना?" मी म्हटलं, "हो." शोकेसच्या वर कमानीखालचा फोटो लागला, बाप-लेक, मागे जुने दगड. बघणारे म्हणतात, काय इमारत आहे. निहार त्या इमारतीत एक दिवसही शिकलेला नाही. कोट कपाटात आहे, पुडी अजून आतल्या खिशात आहे. कोट मी धुवायला देत नाही. वैशालीला वाटतं मला त्याचा फार लोभ आहे.

इतकं सगळं मुरून गेलं असतं कदाचित. पण यंदा जानेवारीत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, मुलुंडलाच. माझी देखभाल करायला संतोष नावाचा ब्रदर होता, राजापूरकडचा, निहारच्याच वयाचा. सकाळी पडदा ओढायचा, कोमट पाण्याने अंग पुसायचा. मी आक्रसायचो. तो म्हणायचा, "लाजू नका हो काका. रोजचंच आहे माझं." पायांच्या बोटांमधली जागासुद्धा कोरडी करायचा. असं माझं कुणी केलं नव्हतं, आई गेल्यापासून.

"मुलगा काय करतो तुमचा?"

"डॉक्टर आहे. बाहेर असतो."

"झकास. मग काका, तुम्हाला कसलं टेन्शन?"

असं म्हणत त्याने माझ्या कमरेखालचा बेडपॅन उचलला.

त्याच दुपारी निहारचा व्हिडिओ कॉल आला. तो आता तिकडेच एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात असतो, रात्रपाळीहून नुकताच सुटला होता. "बाबा, पोटाच्या नळीची पिशवी दाखव. किती भरलीये? तिथे ब्रदर असतील ना, त्यांना दे जरा फोन, मी बोलतो."

संतोष माझ्या उशाशी उभा होता, थर्मामीटर झटकत. दोघे बोलले असते, एका धंद्यातली माणसं बोलतात तसे, आणि पहिल्या दोन वाक्यांत सगळं उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "ते बाहेर गेलेत रे."

"बरं," निहार म्हणाला.

संतोषने माझ्याकडे बघितलं. मला ती नजर ठाऊक होती. बंद दुकानाची पाटी वाचणारी. त्याने थर्मामीटर लावला, ताप पाहिला, उशी सारखी केली आणि गेला. दुसऱ्या सकाळी अंग पुसायला तोच आला, आणि तितकंच नीट पुसलं.

घरी आल्यावर साठे भेटायला आले. वैशाली चहा टाकत होती. साठे नेहमीप्रमाणे म्हणाले, "घरचा डॉक्टर असून तुमची ही अवस्था परुळेकर." मी हसलो. ते गेल्यावर वैशाली कप उचलता उचलता सहज म्हणाली, "त्यांना सगळं माहीत आहे हां."

"काय माहीत आहे?"

"निहार नर्स आहे ते. मी पहिल्या वर्षीच सांगितलंय सगळ्यांना. साठेवहिनींच्या सासूबाई पडल्या तेव्हा रोज व्हिडिओ कॉल करून त्यानेच तर त्यांना शिकवलं, कसं वळवायचं, कसं उचलायचं. दादांनाही ठाऊक आहे."

"मग ते डॉक्टर डॉक्टर काय करतात?"

"तुम्हाला तसं आवडतं म्हणून." कप विसळत ती म्हणाली. "उगाच कशाला तुम्हाला वाईट वाटायला लावायचं, म्हणतात."

म्हणजे इतकी वर्षं माझी अब्रू मी नव्हतो सांभाळत, तेच सांभाळत होते. अख्खी बिल्डिंग मला अलगद कुशीवर वळवत होती.

आज बसमध्ये मी मोबाइल खिशात ठेवला आणि विक्रोळीला बाहेर बघितलं. बहर उतरणीला लागलाय. एका झाडाखाली एक शाळकरी मुलगी उभी होती, युनिफॉर्ममध्ये, आणि तिची आई तिच्या केसांत पडलेल्या पाकळ्या काढत होती. पेपर बहुतेक संपला असावा. बस पुढे गेली.

निहार पुढच्या महिन्यात येतोय, सुट्टीवर. एलेनांनी त्याला काही सांगितलं असेल का, त्याला ती पाकळी दिसली होती का, याचा मी खूप विचार केला. आता वाटतं, तो हिशेब माझा नाहीच. त्याला माहीत असलं तरी मी सांगितलेलं नाही ते नाहीच. वैशालीलाही अक्षतांबद्दल सांगायचं आहे, पण ते नंतरचं. इथे एवढं लिहिलं म्हणजे सांगून झालं असंही नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, तिथे मी पहिल्यापासून शूर आहे.

मी त्या दिवशी रस्ता चुकलो नव्हतो. मी समोरच्या झाडाखाली उभा होतो आणि हा माझा मुलगा नाही असं म्हणालो. हे तोंडावर सांगण्याचं देणं मी निहारला लागतो.